पात्रापात्रविचार : घरगुती साबणाच्या क्षारजलास भांडें कोणतें?

घरच्या घरीं साबण करण्याची हौस अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून पुन्हां दिसूं लागली आहे, आणि ती स्तुत्यहि आहे. खोबरेल, एरंडेल, तिळेल हीं तेलें घरांत असतातच. कॉस्टिक सोडा बाजारांत मिळतो. वजनाचा नेमका कांटा आणि थोडी चिकाटी असली म्हणजे महिना-दीड महिन्यांत वापरण्याजोग्या वड्या हातीं येतात. साबण कसा करावा हें सांगणारीं माणसें पुष्कळ भेटतात. परंतु त्या सोड्याचें पाणी, म्हणजे दाहक क्षारजल, कशांत कालवावें आणि उरलें तर कशांत ठेवावें, हा प्रश्न मात्र 'असेल त्या भांड्यांत' एवढ्या उत्तरावर सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखकानेंहि तो तसाच सोडला होता. त्याचें प्रायश्चित्त थोडक्यावर निभावलें, म्हणूनच चार शब्द लिहिण्याचें धैर्य होत आहे.

आमचें घर एका चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक होणारें. धाकट्या सूनबाईंना साबणाचा नाद आहे. दर खेपेस सोडा पाण्यांत कालवावा, तें पाणी कढत होतें म्हणून तीन-चार तास निवत ठेवावें आणि मग तेलांत घालावें, यांत सारी दुपार मोडते. तेव्हां दोन-तीन घाण्यांचें क्षारजल एकदमच करून ठेवावें, असा बेत त्यांनीं केला. त्यांनीं भांडें मागितलें, आणि पिण्याच्या पाण्याची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली धुऊन ती मींच त्यांच्या हातीं दिली. बाटली भरून मागच्या ओसरीवर धुण्याच्या साबणाशेजारीं उभी राहिली. तिच्यावर चिठ्ठी लावण्याचें काम माझ्याकडे होतें, तें मीं उद्यांवर टाकलें. आणि असे आठ उद्यां गेले.

नवव्या दिवशीं पुतण्याचा आठ वर्षांचा मुलगा खेळून तहानेला होऊन आला. ओसरीवर थोरल्या वहिनी भाजी निवडीत बसल्या होत्या. मुलानें बाटली उचलली आणि झांकण फिरवितां फिरवितां विचारलें, "आजी, ही बाटली अशी बुळबुळीत कां लागते?" वहिनींचें वय पंचाहत्तरीच्या पुढें, रसायनशास्त्राशीं त्यांचा संबंध नाहीं. पण आवाज चढवून त्या म्हणाल्या, "तोंडाला लावूं नकोस! आहे तशी खालीं ठेव!" मुलानें ती ठेवली. त्याचा तळहात नळाच्या धारेखालीं पुष्कळ वेळ धरला. दोन दिवस कातडी लाल राहिली, आणि तेवढ्यावर भागलें. मी मुलाला रागावूं लागलों, तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, बाटली पाण्याची होती. ती पाण्याची समजला, यांत त्याचा काय दोष?"

चाळीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलेल्या माणसास हें वाक्य फार लागलें. कारण 'पात्र' या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती मीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितल्या आहेत. 'पा' म्हणजे पिणें; ज्यानें पितात तें पात्र. आणि दुसरा 'पा' म्हणजे रक्षण करणें. आंत ठेवलेल्या वस्तूचें जें रक्षण करतें तें पात्र. स्वयंपाकघरांत हे दोन्ही अर्थ सुखानें एकत्र नांदतात. क्षारजलाच्या बाबतींत मात्र त्यांची फारकत केली पाहिजे. क्षारजलाचें पात्र दुसऱ्या अर्थानें पुरेपूर पात्र असावें, आणि पहिल्या अर्थानें तें पात्र आहे असा भास आंधळ्या माणसाच्या हातासहि होतां कामा नये. या लेखांत सांगावयाचें तें इतकेंच. पुढील सर्व त्याचा विस्तार आहे.

सुश्रुताचा लोखंडी कुंभ

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. शस्त्रकर्मासाठीं लागणारा दाहक क्षार कसा करावा हें तेथें सांगितलें आहे. वनस्पतींची राख पाण्यांत कालवून तें पाणी पुनःपुन्हां गाळावयाचें, आटवावयाचें, आणि भाजून लाल केलेले चुनखडीचे खडे व शंख त्यांत घालावयाचे. चुन्याच्या योगानें राखेंतील सौम्य क्षार दाहक होतो, हें आजचें रसायनशास्त्रहि सांगतें. मृदु, मध्यम आणि तीक्ष्ण असे त्याचे तीन प्रकार कल्पिले आहेत. आणि शेवटीं, तयार झालेला क्षार लोखंडाच्या कुंभांत, तोंड बंद करून ठेवावा, असें स्पष्ट सांगितलें आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत या कृतीची मुद्दाम दखल घेतली आहे.

लोखंडच कां, आणि तोंड बंद कां? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत आपला निम्मा विषय येतो. थंड क्षारजल लोखंडास सहसा खात नाहीं. तांब्या-पितळेची, कथलाची किंवा जस्ताची गोष्ट तशी नाहीं. आणि तोंड उघडें राहिलें तर हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु क्षारांत शिरून त्याचा धुण्याचा सोडा बनवितो. चुन्याची निवळी उघडी ठेवली म्हणजे तिच्यावर पांढरी साय धरते, हें विड्याचा चुना घरीं करणाऱ्यांनीं पाहिलें असेल. तिचें कारणहि तोच वायु. क्षारजलाच्या झांकणाभोंवतीं जें पांढरें किटण जमतें, तें हेंच. असें मुरलेलें क्षारजल दुबळें होतें. तेल पुरतें साबण होत नाहीं, वड्या मऊ व तेलकट राहतात, आणि दोष मात्र तेलाला दिला जातो.

धातूंचीं भांडीं

आतां घरांतील एकेक भांडें परीक्षेस बसवूं.

पहिला अनुत्तीर्ण विद्यार्थी ॲल्युमिनियम. क्षारजल त्यांत ओततांच बुडबुडे येऊं लागतात, भांडें काळवंडतें, तापतें, आणि पाहतां पाहतां त्यास भोंकहि पडूं शकतें. ते बुडबुडे हायड्रोजन वायूचे. तो ज्वालाग्राही आहे. बंद डब्यांत हा प्रकार झाला तर आंतील दाब वाढून झांकण उडण्याची आणि क्षार तोंडावर येण्याची भीति. म्हणून ॲल्युमिनियमचें पातेलें, डबा, चमचा, गाळणें, वर्ख, यांपैकीं कशाचाहि संबंध येऊं देऊं नये. नॉनस्टिक म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ भांड्यांचें अंग आंतून ॲल्युमिनियमचेंच असतें. वरच्या लेपास एक ओरखडा गेला कीं संपलें.

जस्ताचा स्वभाव असाच. जस्ताचा मुलामा दिलेली बादली पाण्याला उत्तम, क्षारजलाला नव्हे. कल्हई म्हणजे कथील; तेंहि क्षारांत विरघळतें. पितळेंत तांब्याबरोबर जस्त असतेंच. तेव्हां आजीच्या वेळचें कल्हईचें पितळी पातेलें कितीहि दणकट दिसलें, तरी त्याला या कामापासून दूर ठेवावें. तांबेंहि नको, हवा लागत असतां क्षार त्यावर हळूहळू चढतो, आणि तांब्याचा अंश उतरलेल्या साबणास लवकर खवटपणा येतो.

राहिलें लोखंड आणि पोलाद. साध्या लोखंडाचा दोष एवढाच कीं तें गंजतें, व तो गंज साबणांत उतरून वड्या तांबूस होतात. सुश्रुताला वड्या पाडावयाच्या नव्हत्या. स्टेनलेस स्टील मात्र थंड व कोमट क्षारजलास चांगलें टिकतें, आणि कालविण्याचें भांडें म्हणून तें पसंत करण्यास हरकत नाहीं. पण त्याचा सांधा, कान, बूड यांवर दुसरा कोणता धातु डकविलेला नाहीं याची खात्री करून घ्यावी. शिवाय सांठवणीस स्टीलचा डबा घेण्यास मीं स्वतः नकार देतों, आणि कारण रसायनाचें नव्हे. आपल्या घरांत स्टीलच्या डब्यांत साखर असते, पीठ असतें, लाडू असतात. ज्या डब्याकडे मुलाचा हात आपोआप जातो, तो डबा क्षाराचा असूं नये.

कांच आणि चिनी माती

कांच सर्व रसांना पुरून उरते, असा आपला समज. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत कॉस्टिकच्या बाटलीला कांचेचें बूच कधींच नसे, रबराचें असे. विद्यार्थी कारण विचारीत, तेव्हां आमचे शास्त्रशिक्षक सांगत कीं, क्षार हा वाळूला खाणारा आहे, आणि कांच तर वाळूचीच. कांचेच्या घासलेल्या बुचाच्या फटींत क्षारजल शिरलें म्हणजे तेथें कांच किंचित् विरघळते, जो पदार्थ बनतो तो चिकटासारखा सुकतो, आणि बूच असें बसतें कीं बाटली फोडल्याशिवाय सुटत नाहीं. बाटलीच्या आंतल्या अंगावरहि हीच झीज चालू असते. दोन-चार तासांत दिसत नाहीं, पण महिनोन्महिने ठेवल्यास कांच धुरकट होते व तिचें अंग कमकुवत बनतें. ओव्हनला चालणारी उत्तम कांचहि यास अपवाद नाहीं.

त्याहून मोठें भय उष्णतेचें. कॉस्टिक सोडा पाण्यांत पडतांच जबर उष्णता निघते. सारख्या वजनाचें पाणी व सोडा एकत्र केल्यास द्रव सुमारें ९० अंश सेल्सिअसपर्यंत, प्रसंगीं अधिकहि तापतो. आधींच झिजलेली कांच अशा वेळीं तडकली तर कढत क्षार हातांपायांवर. म्हणून कांचेचें भांडें कालविण्यासहि नको आणि सांठविण्यासहि नको.

चिनी मातीच्या बरणीविषयीं सूनबाईंनीं मला विचारलें होतें. बरणीवरील झिलई ही कांचेचीच जात, तिलाहि क्षार हळूहळू खातो. आणि जेथें झिलईला चीर आहे तेथून द्रव मातींत झिरपतो. पण खरें सांगावयाचें तर बरणी बाद होते ती याहून साध्या कारणानें. ती लोणच्याची आहे, हें घरांतील लहानथोर सर्वांस जन्मापासून ठाऊक असतें.

प्लॅस्टिकचे प्रकार

प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नव्हे, एका गोताचें आहे. बहुतेक भांड्यांच्या बुडाशीं तीन बाणांचा त्रिकोण व त्यांत एक अंक छापलेला असतो. त्या अंकावरून गोत्र कळतें. पाण्याच्या व सरबतांच्या स्वच्छ बाटल्या बहुधा १ अंकाच्या, म्हणजे 'पेट' नांवाच्या प्लॅस्टिकच्या. या प्लॅस्टिकची घडणच अशी कीं क्षार तिचे दुवे तोडतो. आमची बाटली मीं मागाहून रिकामी करून उजेडांत धरली, तेव्हां तिचें पूर्वीं चकचकीत असलेलें अंग बुडाशीं धुरकटलें होतें. मुलाच्या तळहातापूर्वीं क्षार बाटलीवर चढला होता. पॉलिकार्बोनेट नांवाचें कडक पारदर्शक प्लॅस्टिकहि असेंच क्षाराला भितें.

कामाचे अंक दोन: २ आणि ५. २ म्हणजे दाट पॉलिथिलीन, ज्याला एच.डी.पी.ई. म्हणतात, जाड, दुधाळ, अपारदर्शक डबे त्याचे असतात. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन; तें उष्णता अधिक सोसतें. म्हणून सोडा कालवावयाचा तो ५ अंकाच्या जाड भांड्यांत किंवा स्टीलमध्यें, आणि पूर्ण निवाल्यावर सांठवावयाचा तो २ अंकाच्या जाड डब्यांत, अशी वांटणी करावी. कालवितांना पाण्यांत सोडा थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधींहि ओतूं नये, तें उसळतें. डोळ्यांवर चष्मा नव्हे तर बाजू झांकणारे संरक्षक गॉगल, हातांत रबरी मोजे, आणि खिडक्या उघड्या.

झांकणाकडे फार थोडे लोक पाहतात. डबा २ अंकाचा आणि झांकण पत्र्याचें, किंवा झांकणाच्या पोटांत चांदीसारखी ॲल्युमिनियमची चकती, असें असेल तर सारें व्यर्थ. झांकण प्लॅस्टिकचें, आट्यांचें, घट्ट बसणारें व शक्यतों दाबून फिरविल्याशिवाय न उघडणारें असावें. क्षारजलाचा आणखी एक गुण असा कीं तें आट्यांतून वर सरकतें आणि बाहेरील अंगावर पातळ थर धरतें. मुलाच्या बोटांस लागला तो हाच बुळबुळीतपणा. बोटांवरच्या स्निग्धतेचा क्षार साबण करूं लागला होता! म्हणून प्रत्येक वेळीं झांकण लावल्यावर डबा बाहेरून ओल्या फडक्यानें, मोजे न काढतां, पुसून घ्यावा. द्रव कढत असतांना झांकण लावूं नये. निवतांना आंतील हवा आकसून डबा चेपतो. तोंडापर्यंतहि भरूं नये. चतुर्थांश मोकळा ठेवावा.

थंडी आणि वजन

निम्मा सोडा व निम्में पाणी या प्रमाणाचें क्षारजल पाण्याच्या दीडपट जड असतें. एक लिटरचा डबा उचलतांना दीड किलो उचलावा लागतो, हें वृद्धांनीं व मुलींनीं ध्यानांत ठेवावें; डबा लहानच घ्यावा. याच कारणानें तें मापून नव्हे, तोलूनच वापरावें.

दुसरें, हें क्षारजल सुमारें १२ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठूं लागतें. पुणें-नाशिककडे पौष-माघाच्या पहांटे पारा त्याहून खालीं उतरतो. मग डब्याच्या तळाशीं खडे जमतात, वरचें पाणी दुबळें होतें, आणि त्याच डब्यांतून वरचें घेऊन केलेली घाणी बिघडते व तळचें घेऊन केलेली अंगाला झोंबते. अशा वेळीं बंद डबा कोमट पाण्याच्या टबांत खडे पुरते विरघळेपर्यंत ठेवावा, मग सावकाश हलवून एकजीव करावा. दुप्पट पाण्याचें पातळ क्षारजल याहून अधिक थंडी सोसतें.

जागा आणि चिठ्ठी

डबा ठेवावयाचा तो जमिनीलगत, डोळ्यांच्या उंचीच्या खालीं, प्लॅस्टिकच्या पसरट टबांत. म्हणजे गळला तर टबांत राहील, आणि पडला तर तोंडावर पडणार नाहीं. शेजारीं संडास साफ करण्याचें आम्ल नको, ॲल्युमिनियमचें कांहीं नको. स्वयंपाकघर वर्ज्य. कुलूप असावें.

चिठ्ठी झांकणावर नव्हे, अंगावर चिकटवावी, झांकणें बदलतात. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'दाहक सोडा : पिऊं नये, शिवूं नये' असें, खालीं प्रमाण व तारीख. वरून पारदर्शक चिकटपट्टी, नाहींतर क्षारानें शाई जाते. ज्यांस वाचतां येत नाहीं अशांसाठीं तांबडी फुली काढावी, आणि घरांतील प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईंनाहि, डबा दाखवून तोंडानें सांगावें. एकत्र कुटुंबांत एकाला ठाऊक असलेली गोष्ट सर्वांस ठाऊक आहे असें आपण गृहीत धरतों. तेथेंच घात होतो.

चिठ्ठीचें महत्त्व जगाला पटावयास वेळ लागला. अमेरिकेंतील घशाचे व अन्ननलिकेचे विख्यात शल्यविशारद शेव्हालिअर जॅक्सन (१८६५–१९५८) यांच्याकडे घरांतील क्षार गिळलेलीं मुलें येत. क्षार अन्ननलिकेस जाळतो. जखम भरतांना नळी आंखडत जाते, आणि अखेर पाण्याचा घोटहि उतरेनासा होतो. साबणासाठीं व सफाईसाठीं घरोघर आणलेल्या त्या डब्यांवर विषाची खूण सक्तीची नव्हती. जॅक्सन यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १९२७ मध्यें तेथें असा कायदा झाला कीं अशा दाहक पदार्थांच्या वेष्टनावर 'विष' हा शब्द व उपचाराची सूचना छापलीच पाहिजे. कारखान्याच्या डब्यावर आतां सूचना असते. पण तोच पदार्थ आपण पाण्याच्या बाटलींत ओततों, तेव्हां तो सारा कायदा आपल्या हातानें पुसून टाकतों.

प्रसंग ओढवलाच तर काय करावें, हेंहि सांगणें प्राप्त आहे. सुश्रुतानें क्षारदाहाच्या शमनास आम्ल सांगितलें आहे. तें वैद्याच्या हातचें, बेतलेल्या क्षाराचें. घरांत अपघात झाला असतां लिंबू किंवा व्हिनेगर शोधूं नये. त्यांत वेळ जातो, आणि आम्ल व क्षार यांच्या संयोगानें आणखी उष्णता निघते. कातडीवर किंवा डोळ्यांत उडाल्यास भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्यानें निदान वीस मिनिटें धुवावें. डोळ्यांच्या बाबतींत धुतल्यावर लगेच डॉक्टर गांठावा. पोटांत गेल्यास ओकारी काढवूं नये, आंबट पाजूं नये. तोंड पाण्यानें धुऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा ताबडतोब रुग्णालयांत न्यावें, आणि डबा बरोबर न्यावा.

इतकें सगळें लिहिल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. क्षारजलाचें सर्वांत निर्धोक पात्र म्हणजे रिकामें पात्र. एक किलो खोबरेलास सुमारें १८० ग्रॅम सोडा पुरतो. तेवढाच त्या दिवशीं कालवावा, निववावा आणि संपवावा. दुपार मोडते, हें खरें. सूनबाई आतां बहुधा तसेंच करतात. क्वचित् उरलें तर २ अंकाचा पांढरा डबा आहे, त्यावर तांबडी फुली आहे, आणि तो न्हाणीघरामागच्या लांकडी पेटींत कुलुपांत असतो. चिठ्ठी मीं लिहिली, त्याच दिवशीं. किल्ली मात्र माझ्याकडे दिलेली नाहीं. ती वहिनींच्या कमरेला आहे.